कापलेला भाग फिका दिसतो

माझी पाठ मला ओळखू आली, हेच मुळात विचित्र. स्वतःची पाठ कुणी बघितलेली असते? आरशापुढे मान मोडेपर्यंत वळलं तरी दिसतो तो एक खांदा आणि आपलाच केविलवाणा चेहरा. पण त्या दुपारी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर मी सरावाचं फोल्डर उघडलं, त्यातलं पाचव्या धड्याचं पान पडद्यावर आलं, पानावरच्या चित्रात खिडकीच्या डाव्या अंगाला एक बाई पाठमोरी उभी होती, आणि ती मी होते. आधी जिना संपलाय हे न कळून रिकाम्यात पाय पडावा तसं झालं, आणि मग समजलं की आपण आपल्याला बघतो आहोत. निळा स्वेटर, कोपरावर राखाडी लोकरीचं रफू; निळी लोकर मिळाली नव्हती म्हणून राखाडी, आणि त्यावरून मी दुकानदाराशी हुज्जत घातली होती. मानेवर सुटलेले केस. ओट्याच्या कडेशी वायरीला लोंबणारा फोनचा रिसीव्हर. इअरफोनमधून सर नेहमीच्या प्रसन्न आवाजात सांगत होते, “आता या चित्रात आपल्याला हवी आहे फक्त खिडकी. डावीकडची ही बाई बघा. चेहरा दिसत नाही, काही काम नाही तिचं इथं, उगाच जागा अडवून उभी आहे. तर पुढची पायरी! ही अनावश्यक व्यक्ती आपण कापून टाकू. घाबरू नका.” मी इअरफोन काढले. आतल्या खोलीतून दात कोरायच्या मशीनचा आवाज येत होता आणि समोरच्या बाकावर एक गाल सुजलेला माणूस माझ्याकडे बघत होता. “काय झालं हो?” त्यानं सुजलेल्या गालातून विचारलं. “तुम्हाला पण दुखतंय का?” मी म्हटलं, “नाही, तुमचाच नंबर आहे,” आणि त्याला आत पाठवून दिलं. त्याचा नंबर नव्हता.

दवाखाना दातांचा. मी बाहेरच्या टेबलाशी बसते. नावं घेते, वेळा देते, आणि रडणाऱ्या मुलांना अजिबात दुखणार नाही असं बिनदिक्कत सांगते. थोरल्या डॉक्टरांच्या वेळेपासून आहे. आता धाकटे डॉक्टर बसतात. त्यांनी मध्यंतरी एकदा हातमोजे काढता काढता म्हटलं, “ताई, हल्ली लोकांना दात दुखायच्या आधी वेबसाइट बघायची असते. आपली नाहीच आहे. तुम्ही शिकून घ्या ना. तुम्हाला काय, चुटकीसरशी येईल.” चुटकीसरशी येईल असं म्हणणाऱ्याला ते काम स्वतः करायचं नसतं, एवढं मला या वयात कळतं. तरी मी हो म्हटलं. शाळा लवकर सुटली त्याचा हा परिणाम असेल, पण कुणी काही शिक म्हटलं की माझे कान टवकारतात. घरात खरं तर शिकवणारा आयताच होता. नवऱ्यानं सगळी नोकरी छापखान्यात काढली, कॉम्प्युटरवर शाळेच्या पुस्तकांची पानं लावत. पण त्याच्याकडून शिकायचं म्हणजे तो शेजारी खुर्ची ओढून बसणार, माझी चूक बघून “हं” म्हणणार आणि हळूच माझ्या हातातला माउस काढून घेणार. काम होतं, शिकणं तेवढं राहून जातं. (तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, मनात कधी केलं नाही.) म्हणून घरी काही बोलले नाही. नेटवर शोधलं आणि हे धडे सापडले, वेबपान बनवायला अगदी पहिल्यापासून शिकवणारे, फुकट. थोडं वाचायचं, थोडं बघायचं, सरावाच्या फोल्डरमधलं पान उघडून तसं करायचं आणि शेवटी गृहपाठ पाठवायचा. गृहपाठ पोचल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. शिकवणारे सर स्वतः कुठेच दिसत नाहीत, नुसता आवाज आणि पडद्यावर फिरणारा बाण. दर वाक्याआड ते ‘पुढची पायरी’ म्हणतात, म्हणून मी त्यांचं नाव पायरीसर ठेवलं होतं. मला आवडायचे ते. माझी कुठलीही चूक झाली की आधीच ठाऊक असल्यासारखे म्हणायचे, घाबरू नका, इथं काहीही कायमचं मोडत नाही. असं सांगणारं माणूस मला आयुष्यात उशिराच भेटलं.

आणि आता तेच म्हणत होते, ही बाई कापा. धाकटे डॉक्टर बाहेर येऊन “ताई, यांचा नंबर होता का?” असं विचारून गेले, मी काहीतरी उत्तर दिलं, आणि पुन्हा त्या चित्राकडे बघत राहिले. आमचंच स्वयंपाकघर. खिडकीच्या काचेवर दुपारचं ऊन, इतकं सुंदर की ते मी तिथं उभी असताना कधी मला दिसलं नव्हतं. दिवस कुठला ते ओळखायला मला तारीख लागत नव्हती. रिसीव्हर असा लोंबत एकदाच राहिलाय. दादाचा फोन आला होता. तो म्हणाला, “आई गेली गं.” मी म्हटलं, “बरं.” दुधवाल्याला म्हणावं तसं, बरं. मग हातातून रिसीव्हर सुटला आणि तो उचलून जागेवर ठेवायचा सोडून मी नळाशी गेले आणि नळ पूर्ण सोडला. आमच्या भिंती पातळ. शेजारचा शिंकला तर आम्ही रुमाल शोधायचो. नळाच्या धारेखाली एक भांडं धरलं आणि रडले, किती वेळ ते माहीत नाही. भांडं आधीच घासलेलं होतं हे आठवतं. घरात कुणी नव्हतं. एवढं एक मी इतकी वर्षं पक्कं धरून होते, की तेव्हा घरात कुणी नव्हतं, मला कुणी बघितलं नाही. त्या एका गोष्टीवर मी काय काय उभं केलं होतं ते आता ती गोष्ट हलल्यावर जाणवायला लागलं. मी खंबीर आहे असं सगळे म्हणतात. आई गेली तेव्हासुद्धा डोळ्यांत पाणी नव्हतं हिच्या, असं वहिनी अजून चारचौघांत सांगते आणि मी तिला सांगू देते.

चित्र कुणीतरी काढल्याशिवाय निघत नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला, आणि शिरली तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळून बघितलं. मागे औषधांचं कपाट होतं. दारात कुणीतरी उभं होतं. माझे खांदे हलत असताना कुणीतरी दारात उभं राहून ऊन बघितलं, मला बघितलं, बटण दाबलं आणि निघून गेलं. आत आलं नाही. धड्याच्या खाली शिकणाऱ्यांच्या प्रतिक्रिया होत्या, त्या वाचत सुटले. जमलं सर. खूप छान सर. सर, माझ्याकडून खिडकीच कापली गेली, आता काय करू? काहींनी आपापलं कापलेलं चित्र लावलं होतं आणि प्रत्येकात तीच आमची खिडकी, लख्ख, रिकामी. एकाकडून नीट कापलं गेलं नव्हतं, त्याच्या चित्रात डावीकडे माझं कोपर तेवढं राहिलं होतं, राखाडी रफूसकट. इतक्या लोकांनी मला आपापल्या घरी बसून हळूहळू सरकवत चित्राबाहेर काढलं होतं आणि मी इथं लोकांना दाताच्या वेळा देत बसले होते. आणि खूप खाली, जुनी, एका ओळीची प्रतिक्रिया होती. ‘सर, बाई रडते आहे का?’ त्याखाली पायरीसरांचं उत्तर. ‘नाही हो, भांडी घासते आहे. खिडकीवर लक्ष द्या.’

घरी पोचले तेव्हा नवरा शब्दकोडं सोडवत बसला होता. निवृत्त झाल्यापासून तो संध्याकाळी शब्दकोडं सोडवतो आणि एखादा शब्द अडला तरी मला विचारत नाही. मी बाहेरून आडून आडून सांगते, तो ऐकू न आल्यासारखं करतो आणि थोड्या वेळानं लिहितो. आमचा संसार साधारण असा चालतो. “उशीर?” त्यानं विचारलं. “पेशंट होते,” मी म्हटलं. पर्स ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. भिंतीवरचा फोन कधीच गेला, त्याच्या स्क्रूची भोकं तेवढी राहिलीत. खिडकीच्या उजवीकडचं काचेच्या दारांचं कपाटही आता नाही, ते नणंदेला दिलं. मी एक पाऊल मागे सरकले, मग किंचित उजवीकडे. खिडकीची चौकट फरशीच्या रेघेला चित्रात जिथं मिळत होती तिथं मिळाली. म्हणजे पाय इथं होते. बरोबर इथं, उंबऱ्याच्या अलीकडे. इथून ओट्यापर्यंत लांब हात केला तर माणसाला हात लागतो. मी खरंच हात लांब केला. “काय बघतेस?” नवऱ्याचा आवाज पाठीमागून आला आणि मी केवढी तरी दचकले. “खिडकी,” मी म्हटलं. “हं,” तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावरून तोही खिडकीकडे बघत उभा राहिला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ, असं मला वाटलं. पण तेव्हा मला सगळंच जरा जास्त वाटत होतं.

त्याचा संशय मला आला नाही. तो तेव्हा प्रेसमध्ये होता. हे मला जसं माझं नाव माहीत आहे तसं माहीत होतं, कारण त्या संध्याकाळची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की तिच्या कडा गुळगुळीत झाल्यात. तो नेहमीच्या वेळेला घरी आला. मी दार उघडून म्हटलं, “आई गेली.” तो म्हणाला, “हं.” बूटसुद्धा न काढता खिशातून बसची दोन तिकिटं काढली आणि म्हणाला, “निघायचं ना?” झालं. एवढंच. बसमध्ये मला खिडकीशी बसवलं आणि सगळ्या वाटेत एक अक्षर बोलला नाही. पुढे हे मी वहिनीला सांगितलं, तेव्हा रडू येण्याऐवजी आम्हाला हसू फुटलं, आणि त्या घरात माझ्या नवऱ्याचं नाव पडलं हंराव. हंराव येणार आहेत का? हंरावांना अजून एक वाढा. त्यालाही ते माहीत आहे. हे नाव तोंडावर ऐकून तो एकदा फक्त “हं” म्हणाला होता आणि दादाला ठसका लागला होता. तिकिटं आधीच खिशात कशी होती, हे मी कधी विचारलं नाही. दादानं ऑफिसात फोन केला असेल, आणखी काय? मग राहिलं कोण? नणंदेकडे आमच्या घराची किल्ली असायची, आणि न कळवता येणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क होता. नणंदेवर ढकललं की बरं वाटतं, हा जुना अनुभव. पण तिच्या हातात कॅमेरा? तिला दोरा ओवता येत नाही. तरी जेवताना मी अगदी सहज वाटेल अशा आवाजात विचारलं, “तुमच्या प्रेसमध्ये तो पहिला नवा कॅमेरा घेतला होता ना, तो कधी हो?” त्याचा घास थांबला. “का?” इतक्या वर्षांत या माणसानं मला ‘का’ विचारलेलं मला आठवत नाही. “सहज,” मी म्हटलं. त्यानं घास खाल्ला, पाणी प्यायला, पुन्हा पाणी ओतलं. नंतर बघितलं तर शब्दकोड्यातला एक शब्द त्यानं चुकीचा भरला होता, आणि तो शाईनं भरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाक रिकामा झाल्यावर मी पाचवा धडा पुन्हा लावला. मला वाटलं होतं, आपण कापूनच टाकावं. काय होईल? इतक्यांनी कापलंय, आपणही कापावं, गृहपाठ पाठवावा आणि सहाव्या धड्याला लागावं. डॉक्टरांना पान हवंय, त्यांना माझी पाठ नकोय. “चित्रावर दोनदा क्लिक करा,” पायरीसर म्हणाले. “आता गंमत बघा. या सॉफ्टवेअरमध्ये कापलेला भाग खरा जात नाही. तो फक्त झाकला जातो. दोनदा क्लिक केलं की कापलेला भाग फिका दिसतो, आणि कडेला धरून ओढलं की परत येतो. म्हणून म्हणतो, घाबरू नका.” मी दोनदा क्लिक केलं. माझ्या बाजूला काही झालं नाही, मी होते तशी ठसठशीत उभी राहिले. पण उजवीकडे, खिडकीच्या पलीकडे, जिथं चित्र संपलंय असं मी काल दिवसभर समजत होते, तिथून आणखी चित्र निघालं. फिकं, धुक्यातून बघावं तसं. भिंतीचा तुकडा. मग काचेच्या दारांचं ते कपाट, त्यातले कप एकावर एक. आणि कपाटाच्या काचेत एक उभी आकृती. मी कडेला धरून ओढलं. माउस घामानं निसटत होता. रंग परत आले आणि काचेत माझा नवरा उभा राहिला.

एक हात दाराच्या चौकटीवर. दुसऱ्या हातानं कॅमेरा छातीशी धरलेला. खांद्याला प्रेसची पिशवी, अंगात तो चौकडीचा शर्ट, ज्याचं वरचं बटण मी दुसऱ्या रंगाचं लावलं होतं आणि तो काही बोलला नव्हता. चेहरा पूर्ण दिसत होता. मी हा चेहरा रोज बघते आणि असा तो मी कधीच बघितलेला नाही. तोंड उघडं होतं. आतल्या खुर्चीवर लोकांना ‘आ करा’ म्हटल्यावर ते करतात तसं, असहाय, मोठ्ठं. जसा एखादा शब्द घशापर्यंत आलाय आणि तिथंच आडवा झालाय. आणि डोळे माझ्या पाठीवर. खिडकीवर नाही. ऊन त्याच्या लक्षातही नसावं. मला एकदम माझंच लहानपण आठवलं, आमच्या त्या जुन्या घरातलं न्हाणीघराचं दार आणि आत कितीतरी वेळ वाहणारा नळ. आईसुद्धा नळ सोडायची. मी दाराबाहेर उभी राहायचे, तोंड असंच उघडं, हाक मारायची असायची, पण नळ चालू असताना हाक मारायची नाही हे मला कुणी न शिकवता माहीत होतं. मग मी पाय न वाजवता अंगणात जायचे आणि जोरजोरात दोरीवरच्या उड्या मारायचे. मी पडद्याकडे बघत होते. दोघं एकाच चित्रात होतो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो, मध्ये ही एवढी मोठी खिडकी. कुणीतरी त्याला कापला होता, कुणीतरी मला. धाकटे डॉक्टर बाहेर आले, माझ्याकडे बघून थबकले. “ताई, बरं वाटत नाहीये का? घरी जा तुम्ही.” “वेबसाइट,” मी म्हटलं, कारण तोंडात तोच शब्द आला. “अहो, राहू दे की ती! दात पडणार नाहीयेत लोकांचे तेवढ्यात.” ते हसले. मी पण हसले बहुतेक. गाल हलल्याचं आठवतं.

घरी गेले ती सरळ त्याच्या समोर जाऊन बसले. पर्स मांडीवरच. त्यानं पेन खाली ठेवलं. मी ठरवलं होतं शांतपणे बोलायचं, पण आवाज कुणा तिसरीचाच निघाला. “अहो, आई गेली त्या दुपारी तुम्ही घरी आला होतात.” त्यानं शब्दकोडं बाजूला सरकवलं. आता ‘हं’ म्हणेल, मला वाटलं, आणि तसं म्हणाला तर मी ही पर्स त्याच्या डोक्यात घालीन. पण तो म्हणाला, “कुठं बघितलंस?” म्हणजे नाकारायची तयारीसुद्धा नव्हती. मी सांगितलं. धडे, दवाखाना, पायरीसर, कपाटाची काच. तो ऐकता ऐकता हळूहळू लाल होत गेला, कानांपासून. “तो आमच्यातलाच,” तो म्हणाला. “आमच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. नोकरी सोडून शिकवायचं काढलं त्यानं. म्हणाला, सरावाला दोन-चार घरगुती फोटो दे, कुणाचे हक्क-बिक्क नकोत. मी खिडकी दिली. फक्त खिडकी दिली होती मी त्याला. दोन्ही बाजू कापून.”

“कापून नाही. झाकून.”

“हं.” मग स्वतःच तो ‘हं’ ऐकून कसनुसा झाला. “त्यानं उघडून बघितलं असणार. डावीकडंच ओढलं, त्याला कापायला काहीतरी हवं होतं. तुला तो ओळखत नव्हता.”

“तुम्ही सगळी नोकरी हेच काम केलंत. आत राहतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“ठाऊक होतं. पक्कं पुसता येतं, एक बटण असतं.” तो पेनाचं टोपण लावत होता, काढत होता. “हात धजला नाही. तुला काय पुसायचं? आणि मग देताना ती फाइल तशीच गेली.”

“आणि फोटो? फोटो कशाला काढलात?”

“तुझा नाही काढला. नवा कॅमेरा होता, जेवायच्या सुट्टीत घेऊन आलो तुला दाखवायला. खिडकीत ऊन होतं. मी कॅमेऱ्यातूनच बघत दारात आलो. मग तुझे खांदे दिसले, कॅमेरा छातीशी आला आणि हातातलं बटण दाबलं गेलं.”

“मग आत यायचं की!” हे मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारी कुणीतरी टीव्ही बारीक केला. “दोन पावलं होती! मी कालच उभी राहून बघितलंय. दोन पावलं नाहीत, हात केला तरी पुरला असता.”

“तू नळ सोडला होतास,” तो म्हणाला.

“मग?”

“कुणाला ऐकू जाऊ नये म्हणूनच सोडला होतास ना?” त्यानं माझ्याकडे बघितलं. “मग मी कसं ऐकायचं?”

मी मांडीवरची पर्स खाली ठेवली. मला त्याची दया आली, आणि दयेच्या पाठोपाठ तेवढाच संताप आला, आणि दोन्ही एकमेकांना हलवू शकेनात. मग पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. त्यानं पाय न वाजवता जिना उतरून प्रेसमधून दादाला फोन लावला होता. मला असं रडवेल असा फोन कुठून येईल, हे त्याला बरोबर माहीत होतं. दादाला त्यानं बजावलं होतं, मी विचारलं हे तिला सांगू नका. मग तिकिटं काढली आणि मग नेहमीची वेळ होईपर्यंत बसस्टँडवर बसून राहिला. बसून राहिला! मी इकडे कोरड्या डोळ्यांनी पिशव्या भरत होते, हा माणूस आला की याला कसं सांगायचं म्हणून शब्द जुळवत होते, आणि तो खिशात दोन तिकिटं घेऊन बाकावर बसून मी खंबीर व्हायची वाट बघत होता. “तुम्ही माझी केवढी थट्टा होऊ दिलीत,” मी म्हटलं. “तुमची, म्हणजे. हंराव हंराव म्हणून. एकदा तरी सांगायचं.” तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तुला कळलं असतं मी बघितलं ते.” आणि मग, चोरट्या आवाजात, “तुम्ही सगळे हसायचात. बरं वाटायचं.”

त्यानंतर आम्ही जेवलो. काय खाल्लं ते आठवत नाही. बोललो नाही, पण ते न बोलणं नेहमीचं नव्हतं. खोलीतलं एखादं जड सामान हलवल्यावर फरशीवर जी स्वच्छ चौकोनी जागा दिसते आणि आपण उगाच वळसा घालून चालतो, तसं आम्ही त्या घरात चालत होतो. भांडी मी घासायला घेतली. नळ सुरू केला, आणि तो आवाज कानात शिरल्याबरोबर पाठीवरचं कातडं जागं झालं. आता प्रत्येक वेळी होणार का हे? मागे दारात कुणी आहे का नाही, ते मला पाठीनं कळायला लागणार का? मी वळले नाही. “मी त्याला सांगतो,” नवऱ्याचा आवाज दारातून आला, त्याच जागेवरून, उंबऱ्याच्या अलीकडून. “काढून टाक म्हणून. लगेच काढेल तो.” मी नळ बंद केला. एकदम केवढी शांतता झाली. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, नाकातून जरासा शिट्टीसारखा येतो तो. “काय म्हणालात?” मी विचारलं, ऐकू आलं असूनही. “काढून टाकायला सांगतो म्हटलं.” “नको,” मी म्हटलं. तो तिथंच उभा राहिला. मग उंबरा ओलांडून आत आला, ओट्यावरचं फडकं उचललं आणि भांडी पुसायला लागला. अगदी वाईट पुसतो. सगळी ओलीच ठेवली.

आज दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती. मी पान उघडलं, चित्राच्या उजव्या कडेला धरून शेवटपर्यंत ओढलं, डावीकडची कड होती तिथंच राहू दिली. पायरीसरांच्या हिशेबी हे साफ चुकलेलं आहे. खिडकी आता मधोमध एक पट्टी होऊन बसलीय आणि दोन्ही कडांना दोन अनावश्यक व्यक्ती. शेवटची पायरी राहिली होती. “आता चित्राचं वर्णन लिहा,” सर म्हणाले. “ज्यांना चित्र दिसत नाही, त्यांना कॉम्प्युटर हे वाचून दाखवतो. म्हणून जे आहे तेच लिहायचं, थोडक्यात.” चौकोनात आधीपासून त्यांचंच वाक्य होतं, स्वयंपाकघरातील सुंदर खिडकी. मी ते पुसलं. बराच वेळ नुसती काडी लुकलुकत राहिली. मग लिहिलं, ‘नळ चालू आहे. बाई नळाशी रडते आहे. तिचा नवरा दारात आहे.’ वाचून बघितलं, त्यात एक शब्द कमी-जास्त करावासा वाटला नाही, आणि पाठवून दिलं. लगोलग त्यांचं ठरलेलं उत्तर आलं, शाब्बास, पुढची पायरी! ते यंत्रच पाठवतं, कुणी वाचत नाही, हे मला आता कळतं. सहावा धडा उघडला होता. मी तो तसाच ठेवून प्रतिक्रियांमध्ये खाली गेले, खूप खाली, त्या एका जुन्या ओळीपर्यंत. ‘सर, बाई रडते आहे का?’ कोण असेल, कुठल्या घरात बसून शिकत असेल, आता शिकून कुठे पोचलं असेल? उत्तराच्या जागी आधी नाव मागितलं. मी लिहिलं, चित्रातली बाई. आतून धाकट्या डॉक्टरांनी हाक मारली, “ताई, पुढचे कोण?” “आले,” मी म्हटलं, आणि नावाखाली लिहिलं, ‘हो.’